सगुणभावोजींचा दीडपट तंबू

माझे भावोजी सगुण यांनी गोव्यात आमच्या डिचोली तालुक्यात निदान हजार लग्नांचे मांडव घातले असतील. स्वतःच्या लग्नातही ऐन मुहूर्तावर ते पाटावरून उतरले आणि मांडवाची एक सैल दोरी आवळून आले. माझी थोरली बहीण सुलोचना, म्हणजे आमची आक्का, तोवर अंतरपाटापलीकडे हार धरून उभी. त्या दिवसापासून माझा या माणसावर थोडा रागच आहे आणि तो मी लपवत नाही. मी निवृत्त मास्तर, मयेत त्यांच्या शेजारीच राहतो, त्यामुळे राग धरायला सवड भरपूर.

भावोजींच्या धंद्याचा एक नियम आहे: आमंत्रण जितक्यांना, मांडव त्याच्या दीडपट. आमच्याकडे दोनशेंना बोलावलं की तीनशे येतात, आणि शंभरजण उन्हात बसले तर नाव मांडववाल्याचं खराब होतं. पस्तीस वर्षांत हा नियम त्यांना कुठेच नडला नाही. नडला तो तंबू घेताना.

झालं असं. अंगणवाडीतून निवृत्त झाल्यावर आक्का रोज सकाळी तळ्याभोवती चालायला जाऊ लागली. सोबतच्या बायकांत एक पार्वती, तिची डोंगरावर काजूची बाग. तासाभराची चढण, वर सपाटी, घर म्हणून एकही नाही. तिने आक्काला सांगितलं, ये एकदा, तंबू ठोक आणि एक रात्र राहा. आक्काने घरी येऊन चहाचा कप ठेवता ठेवता जाहीर केलं, "माका एक रात तुमच्या वांगडा भायर रावपाचें आसा. फकत दोगांच. तंबू तुमी हाडात, पूण हलको हाडात. म्हज्या खांद्याक पेलपाक जाय."

नवऱ्यासोबत बाहेर एक रात्र, आणि तिला पेलेल असा हलका तंबू: लग्नानंतर तिने नवऱ्याकडे स्वतःसाठी मागितलेली ही पहिलीच गोष्ट. भावोजी खूश झाले. कापड आणि काठ्यांचा प्रश्न म्हणजे त्यांच्या हातातलाच की! दुसऱ्या दिवसापासून आक्का पाठीवरच्या पिशवीत दोन किलो तांदूळ घालून तळ्याभोवती फिरू लागली, सवय व्हावी म्हणून.

पणजीच्या दुकानात मीही गेलो होतो. तिथली पूनम मूळची कोल्हापूरकडची, शहाणी मुलगी. म्हणाली, "काका, तंबूवर दोन लिहिलं असलं की दोघं खांद्याला खांदा लावून झोपतात. जोडप्याला हा बरा. दोन दारं आहेत, रात्री उठताना दुसऱ्याला ओलांडावं लागत नाही. वर दवासाठी वेगळं कापड. सगळं मिळून दोन किलो."

भावोजींनी कापड चिमटीत धरून ओढलं, काठी वाकवून पाहिली, ती त्यांना खराट्याच्या काडीहूनही लेची वाटली. "हो खांबो? खराट्याचो हीर हेच्यापरस घट आसता." मग पूनमकडे वळून म्हणाले, "माणसां दोन. म्हणजे तिगांचो दी."

तिघांचा, तीन किलोंचा तंबू घरी आला. भावोजींनी अंगणात नारळ ठेवला, आंब्याचा टाळा बांधून मुहूर्तमेढ रोवली, मग तंबू उभा केला. आत शिरून बसले, आणि बाजूची रिकामी जागा पाहून त्यांना चैन पडेना. मांडवात रिकामी जागा म्हणजे यजमानाची नाचक्की. "मास्तर, तुमीय चलात. जागो आसा."

मी लगेच हो म्हटलं. आक्काने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं, भाऊ येतोय म्हणून कौतुकाने पाहतेय. चाळीस वर्षं मुलांचे चेहरे वाचून पोट भरलं मी!

आता माणसं तीन झाली, म्हणजे दीडपट साडेचार. पुढच्या आठवड्यात तो तंबू परत गेला आणि पाचजणांचा आला, कुटुंबासाठी असतो तसला, वजन पाच किलो. दोन जागा रिकाम्या दिसल्या, तर भावोजींनी पुतण्या गौरेश आणि त्याची बायको तनया यांना बोलावलं. पाचाचे साडेसात! मग आठजणांचा आला, मधे पडदा, पुढे पडवी, वजन चौदा किलो. पूनमने हात जोडून सांगितलं, "काका, हा ग्रुपसाठी असतो. एकजण काठ्या नेतो, एकजण कापड, एकजण खुंट्या. मावशींना एकट्यांना उचलणार नाही."

"मगीर गडी घेवया," भावोजी म्हणाले. त्यांचा मुकादम बाबली आणि आणखी दोघे ठरले. झाले आठ. त्या संध्याकाळी मी गेलो तर भावोजी ओट्यावर बसून आठाचे बारा करत होते.

आक्का स्वयंपाकघरात होती. तंबूचं वजन वाढेल तसा ती पिशवीतला तांदूळ वाढवत गेली होती; तीन किलो तिने पेललं होतं, पाच किलोही पेललं होतं. त्या दिवशी तिने पिशवीत चौदा किलो तांदूळ भरून पाहिला, आणि पिशवी जमिनीवरून हललीच नाही. ओंजळीने ती तांदूळ परत डब्यात टाकत होती. "जावं दी रे," ती म्हणाली. "माका आता वचपाचें ना." तिला आता जायचंच नव्हतं, हे ऐकून मला माझीच इतकी लाज वाटली की, भावोजींवरचा राग क्षणभर मागेच पडला. मी म्हटलं, "आक्का, मी येत नाही." तिने डबा बंद केला.

दुसऱ्या दिवशी तिने तो चौदा किलोंचा बोजा गौरेशच्या गाडीत टाकायला लावला आणि स्वतः पणजीला गेली. दुपारी परतली ती एक पिशवी बोटाला अडकवून. कागदावरची चित्रं पाहत दहा मिनिटांत तिने अंगणात दोघांचा तंबू उभा केला, नारळाशिवाय. आत गेली आणि आतूनच म्हणाली, "येवपाचें जाल्यार येयात. एकटेच."

भावोजी तंबूभोवती फिरले. एक दोरी आवळली, दुसरी आवळली, मग पहिलीच परत सोडून पुन्हा बांधली. मी त्यांच्या ओट्यावर चहा पीत बघत होतो. शेवटी ते दाराशी उकिडवे बसले आणि हळू बोलले. पण मास्तरचे कान, मला ऐकू आलंच.

"दोगांच आसल्यार मी उलोवं कितें? मांडवाबगर माका कांयच उलोवंक येना गो. सगळी रात तशीच वतली. माका भंय दिसता."

हजार मांडव घातलेला माणूस, आणि दोघंच असताना बायकोशी बोलायचं काय याची भीती! पस्तीस वर्षं माणसं गोळा करत होता ती यासाठी. मला त्यांची दया आली, आणि खरं सांगतो, थोडं प्रेमही वाटलं.

आतून आक्काचा आवाज आला. "तुमी उलोवं नाकात. आयकात. म्हजें पस्तीस वर्सांचें उलोवपाचें उरलां."

चेन उघडली. भावोजींनी चपला काढल्या आणि मान वाकवून आत गेले.

थोड्या वेळाने तनया तंबूसाठी चहा घेऊन आली, तेव्हा आत आक्का बोलतच होती. मी तनयाला हाताने मागे वळवलं, माझा कप उचलला आणि घरी निघून आलो.