आम्हाला चारही कामांवर उभे करणारे देवरावजी

बोरगावच्या प्लास्टिकच्या पोत्यांच्या कारखान्यात मी शिलाईला लागले आणि तिसऱ्याच महिन्यात देवरावजी बोंद्रे सुपरवायझर म्हणून आले. माझ्या मशीनजवळ थांबून त्यांनी विचारले, "सुनंदाबाई, हे पोतं तुमच्याकडे येण्याआधी कुठं कुठं जाते?" "मले तर फक्त शिलाई माहीत, साहेब."

"मग उद्यापासून कटिंगवर."

मी घाबरले. "साहेब, मले कामावरून काढून राहिले का?"

"काढून नाही राहिलो बाई, वाढवून राहिलो!"

माग, कटिंग, शिलाई, छपाई. देवरावजींनी आम्हा बायकांना सगळीकडे फिरवले. कुरकुर झाली, मीही केली. पण छपाईचे नवे मशीन आले तेव्हा ते स्वतः, ते मशीन चालवणाऱ्या वर्षा नावाच्या, त्यांच्या मुलीच्या वयाच्या पोरीजवळ वही घेऊन शिकायला बसले. मग कोण काय बोलणार?

आणि तो दिवस! बियाण्यांसाठी पाठवलेली पोती तळाशी उसवून परत आली. मॅनेजरसाहेबांनी शिलाईच्या सहा जणींना घरी बसवायचे ठरवले. त्यांत मीही होते. देवरावजींनी एक दिवस मागून घेतला आणि आम्हाला म्हणाले, "चारही कामं तुमच्या हाताखालून गेली आहेत. तुम्हीच शोधा."

मी पोते उलटे केले. टाका पक्का होता, पण कडेचे धागे मोकळे! कटिंगचे तापलेले पाते कापता कापता कड वितळवून बंद करते, हे मी त्या मशीनवर शिकले होते. इथे कड बंदच झाली नव्हती. मग टाक्याला पकड कुठून मिळणार? मी कटिंगकडे धावले. पाते नीट तापतच नव्हते! दुरुस्ती झाली. नव्या पोत्याची शिलाई दोघींनी दोन बाजूंनी जीव खाऊन ओढली, उसवेना! अख्खा कारखाना ओरडला.

मॅनेजरसाहेब देवरावजींचे अभिनंदन करू लागले. देवरावजींनी त्यांना थांबवले. "साहेब, दोष यांनी शोधला. जे बोलायचं ते यांना बोला." साहेबांनी सगळ्यांसमोर आमची माफी मागितली. कोणीही घरी बसले नाही.

आता आमच्याकडे एक जण आली नाही म्हणून मशीन अडत नाही आणि चूक पुढच्या टेबलावर जाण्याआधीच कोणीतरी पकडते. माझ्या आईला नागपूरला दवाखान्यात ठेवले तेव्हा मी बिचकतच सुट्टी मागितली. देवरावजी म्हणाले, "तुमचं मशीन तिघींना येते. आईजवळ दुसरं कोणी चालत नाही. जा."

देवरावजींनी साठी पूर्ण केली आणि ते निवृत्त झाले. आता ते तिगावच्या शेतात संत्र्याची कलमे बांधायला शिकून राहिले आहेत, वहीसुद्धा घेतली आहे म्हणे! झाड फळावर यायला पाच-सहा वर्षे लागतात. देवरावजी, पहिली संत्री आम्ही सगळ्या तुमच्या बांधावर बसून खाणार आहोत. त्यानंतरच्या चाळीस बहारांनाही तुम्ही असेच धडधाकट, टोपली आमच्या हातात द्यायला उभे असा!