टेकडीच्या मोजक्या प्रती

सॅम्पल फ्लॅट बघायला गेलो, तर हॉलच्या भिंतीवर आमच्या गावाबाहेरचीच टेकडी टांगलेली. गुलाबी उतार, पोपटी आभाळ आणि खाली टेकडीच्या कवितेची ओळ. शाळेत चालीवर म्हणायचो तीच.

"पॉप आर्ट आहे सर, त्या कवितेवरून केलेलं," फ्लॅट दाखवणारी मुलगी म्हणाली. "लिमिटेड एडिशन! मोजक्या प्रती छापून छपाईचे साचे मोडून टाकतात. पुन्हा कुणाला मिळणार नाही."

खिडकीबाहेर पोकलेन खरी टेकडी पोखरत होता. करवंदाच्या जाळ्या होत्या तिथे नुसती लाल माती. माझं डोकंच सणकलं. चित्रकाराने गुलाबी रंगवली तर रंगवू दे, त्याने निदान तिच्याकडे पाहिलं तरी. पण कागदाची एक प्रत जास्त निघू नये म्हणून केवढी ही काळजी! आणि टेकडी? तिची तर एकच प्रत होती.

"घरातून टेकडी दिसेल, असं जाहिरातीत छापलंत ना?" मी ओरडलोच.

"दिसेल ना सर," फ्रेम सरळ करत ती गोड हसली. "जेवढे फ्लॅट, तेवढ्याच प्रती काढल्यात."