डावी बाही, उजवं चाक

ब्रेकवाली मावशी ब्रेक ऑइल चाखून बघते, अशी बातमी आहे. बातमी जुनी आहे आणि वर्षागणिक तिला हातपाय फुटत गेलेत. आधी मावशी नुसतं बोट जिभेला लावायची. मग म्हणे चमचाभर घ्यायला लागली. गेल्या वर्षी तर शेजारच्या टायरवाल्याने शपथेवर सांगितलं की तिने बाटली तोंडाला लावलेली त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आणि वर तिला ढेकरही आला.

यात खरं एवढंच की मावशीला काम करताना जीभ बाहेर काढायची सवय आहे. पहिलीतलं पोर अक्षर गिरवताना काढतं तशी, तोंडाच्या डाव्या कोपऱ्यातून. गाडीतलं जुनं ऑइल ती काचेच्या बाटलीत काढते, उजेडात धरते आणि नाकाशी नेऊन वास घेते. काळपट आणि जळकट असलं तर ते म्हातारं झालं, ओतून टाकायचं. आता फाटकातून बघणाऱ्याला काय दिसणार? नाकाशी बाटली आणि बाहेर जीभ. पुढचं त्याचं तो रचतो. मावशीला कोणी विचारलंच तर ती म्हणते, जे तेल सांडलं तर गाडीचा रंग उतरवतं, ते माझ्या पोटात जाऊन काय दिवे लावणार आहे?

जिभेचं मात्र नीट लक्षात ठेवायला हवं. जीभ बाहेर असेल तोवर काम सुरळीत चाललंय. ती एकदम आत गेली, की समजावं, मावशीच्या डोक्यात काहीतरी पेटलं.

मावशी या धंद्यात आली ती बिलं लिहायला. एका मोठ्या गॅरेजात टेबलाशी बसून ती पावत्या फाडायची. एक दिवस एका गाडीच्या ब्रेकच्या ड्रममागे स्प्रिंग अडकली आणि तिथे एकाही गड्याचा पंजा शिरेना. सगळ्यांची बोटं सोलवटून झाल्यावर कोणीतरी गमतीत म्हणालं, बाईंना बोलवा, त्यांचा हात लहान आहे. बाईंनी बांगड्या काढून ठेवल्या, हात घातला, स्प्रिंग बसवली आणि टेबलाशी परत गेल्याच नाहीत. पुढे स्वतःचं गॅरेज काढलं. त्यावर पाटी आहे ‘फक्त ब्रेक’. इंजिनाचं कोणी काही विचारलं तर ती हात झटकते. गाडी पळवणारे गल्लोगल्ली पडलेत, तिचं म्हणणं, थांबवणारं कोणीतरी नको का.

तिच्या कामातला निम्मा वाटा काकांचा, म्हणजे तिच्या नवऱ्याचा. काका शिंपी. गॅरेजच्या भिंतीला लागूनच त्यांचं दुकान. तीस वर्षं पायमशीन चालवून त्यांचा उजवा पाय असा तयार झालाय की एक टाका घालायचा म्हटलं तर एकच घालतो. ब्रेकच्या पाइपातून हवा काढायची वेळ आली की मावशी भिंतीवर पान्याने दोनदा ठोकते. काका गळ्यातली टेप न काढताच येऊन गाडीत बसतात. मावशी चाकापाशी आडवी होऊन म्हणते, “दाबा.” काका पेडल दाबून म्हणतात, “दाबलं.” मावशी चाकामागचा हवेचा निपल सैल करते, नळीतून ऑइल आणि बुडबुडे बाटलीत येतात, पेडल खाली जातं. ती निपल आवळते आणि मग म्हणते, “सोडा.” काका म्हणतात, “सोडलं.” आवळायच्या आधी पाय उचलला तर चाक हवा परत ओढून घेतं आणि सगळं मुसळ केरात. म्हणून प्रत्येक शब्दाला उलट जबाब हवा, हा तिचा कायदा. दिवसभरात काका तिचं एवढं एकच ऐकतात, आणि तेही दोन शब्दांपुरतं, असं तीच सांगत फिरते.

तर अशा मावशीची अब्रू या महिन्यात पणाला लागली होती. कारण होती चित्रकलेच्या सरांची गाडी.

सर निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. त्यांची गाडी त्यांच्याच आगेमागे जन्मलेली, असा सगळ्यांचा समज. रंग सायीसारखा, दारं रुंद, पुढची सीट घरातल्या सोफ्यासारखी ऐसपैस. सरांच्या बायकोच्या कमरेचं हाड मोडल्यापासून तिला दुसऱ्या कुठल्याच गाडीत बसता येत नाही. पाय दुमडत नाही, दार अरुंद पडतं. या एका गाडीत ती आडवी सरकून बसते आणि टेकडीपलीकडे राहणाऱ्या आपल्या बहिणीला दर आठवड्याला भेटून येते. दोघी बहिणी दिवसभर भांडतात आणि संध्याकाळी पुढच्या आठवड्याचं ठरवतात.

ही गाडी जुन्या गाड्यांच्या सरकारी तपासणीत दोनदा नापास झाली होती. दोन्ही वेळा तिथल्या साहेबांनी तेच लिहिलं, ब्रेकचं पेडल मऊ. पहिल्यांदा मावशीने दोष दिला जुन्या रबरी होज पाइपांना आणि सगळे बदलले. दुसऱ्यांदा दोष दिला मास्टर सिलिंडरच्या सीलला. आजकालचं रबर म्हणजे नुसतं नाव, असं ती टायरवाल्यापासून दूधवाल्यापर्यंत सगळ्यांना ऐकवत होती. सीलही बदललं. आता तिसरी आणि शेवटची तपासणी होती, दुपारी तीनला. यात नापास झाली तर गाडीची नंबरपाटी काढून घेणार, मग ती भंगारात. आणि बाजारात कुजबुज सुरू झाली होती की मावशीचा हात गेला.

त्या दिवशी सकाळी नऊलाच गाडी चार लोखंडी घोड्यांवर चढवलेली, चारही चाकं काढून भिंतीला उभी केलेली. सर कोपऱ्यात स्टुलावर बसले होते, थर्मास मांडीवर आणि अंगात कोट. सरकारी साहेबांसमोर जायचं म्हणून कोट. तो काकांनीच शिवलेला, तीन महिन्यांपूर्वी. मावशीची भाचीही तिथेच होती, सुट्टीत आलेली. हे लिहितेय ती हीच. त्या सकाळी ती जुन्या टायरांच्या ढिगावर बसून तपासणीच्या साहेबांचा नाकातला आवाज काढत होती आणि सरांना हसू आवरत नव्हतं.

मावशीने नवीन ऑइलचा डबा फोडला. सगळ्यात लांबचं चाक आधी, हा नियम. मागचं डावं, मागचं उजवं, पुढचं डावं, पुढचं उजवं. दाबा, दाबलं, सोडा, सोडलं. मध्येच टाकीतलं ऑइल संपत आलं की भर घाल, पुन्हा सुरू. दोन तास हा जप चालला. शेवटी चारही चाकांतून मधासारखं स्वच्छ, बिनबुडबुड्याचं ऑइल आलं. मावशी हात पुसत उठली आणि काकांना म्हणाली, आता सांगा.

काकांनी पेडल दाबलं. पुन्हा दाबलं, पुन्हा, पुन्हा. मग खिडकीतून डोकं बाहेर काढून अगदी हळू सांगितलं, “अगं, पहिल्या दाबाला आत जातंय. लागोपाठ तीनदा दाबलं की घट्ट होतं. थांबलो की परत गादी.”

मावशीने त्यांना उठवलं आणि स्वतः बसून पाहिलं. गादीच. पाइपाला वरपासून खालपर्यंत कोरडं बोट फिरवलं, थेंबभर गळती नाही. म्हणजे आत हवा होती. चारही वाटांनी काढली आणि तरी होती. साडेअकरा वाजले होते. सर थर्मासचं झाकण उघडत आणि लावत होते. शेवटी त्यांनी सगळ्यांसाठी चहा ओतला आणि स्वतःचा पेला उचलला.

पेला ओठांपर्यंत पोचेना. सरांचा हात वर जाताना मध्येच अडायचा, बाही मागून कोणी ओढल्यासारखी. सर मान खाली नेऊन पेल्याला भेटले. हे ते इतक्या सफाईने करत होते की तीन महिन्यांचा सराव दिसत होता.

मावशीने ते पाहिलं. ती जवळ गेली, सरांचं कोपर धरलं, बाही फिरवून बघितली आणि काकांकडे वळली. तिने एकच विचारलं, या बाह्या कुठल्या हाताच्या आहेत?

काकांनी आधी सरळ नाकारलं. मग टेप सावरत जवळ आले, खांद्याची शिवण बघितली आणि त्यांचा चेहरा पडला. डावी बाही उजवीकडे, उजवी डावीकडे. तीस वर्षांत असं झालं नव्हतं. सरांना विचारलं तर ते ओशाळून म्हणाले, “मला वाटलं, नवी पद्धत असेल. तुम्ही एवढे जाणकार, मी कसं बोलू?”

मग मावशीला आणखी काय हवं होतं? दोन तासांचा सगळा ताप तिने काकांवर काढला. गिऱ्हाईक मान खाली घालून चहा पितंय, तुम्हाला दिसलं नाही? कोट टांगून ठेवला होता चार दिवस, तेव्हा दिसलं नाही? काका पुटपुटले की कोट टांगलेला अगदी बरोबर दिसत होता.

“दिसणारच,” मावशी म्हणाली. “एक बाही चुकली असती तर कोट वाकडा दिसला असता. दोन्ही चुकल्या, म्हणून कोणाच्या डोळ्याला खुपलं ना...”

आणि तिची जीभ आत गेली.

कोणाला काही कळायच्या आत ती पुढच्या डाव्या चाकापाशी जमिनीवर होती. मग उठून उजव्या. मग पुन्हा डाव्या. मग तिथेच फरशीवर बसून ती हसायला लागली, खांदे हलेपर्यंत. झालं होतं असं. पुढच्या चाकांना ब्रेक पकडणारे दोन कॅलिपर असतात, एक डावा, एक उजवा, दिसायला जुळे भाऊ. ते योग्य जागी असले की हवेचा निपल वर येतो, आणि हवा वर चढते म्हणून तिथून निघून जाते. अदलाबदल झाली की निपल खाली. मग दाबा, दाबलं दिवसभर करा, खालून ऑइल येत राहतं आणि हवा वर छपराला चिकटून बसते. हे दोन्ही कॅलिपर तीन महिन्यांपूर्वी काढून, धुऊन, नवीन सील घालून परत बसवले होते. कोणी? खुद्द मावशीने.

 काका बोटांवर मोजत होते. कोट आणि कॅलिपर एकाच आठवड्यातले होते. त्यांची लेक पहिल्यांदा नोकरीसाठी घर सोडून गेली, तो आठवडा. दोघांनीही त्या दिवसांत कामं वेळेवर दिली होती आणि मी ठीक आहे, मला काय धाड भरलीय, असं एकमेकांना सांगितलं होतं.

“अहो, बघत काय बसलात,” मावशी म्हणाली. “बारा वाजले.”

पुढचे दोन तास गॅरेजात श्वास घ्यायला फुरसत नव्हती. कॅलिपर उतरले, ऑइल ठिबकलं, तांब्याच्या नव्या वॉशरी निघाल्या, डावा डावीकडे गेला, उजवा उजवीकडे. मावशीची जीभ जागेवर आली होती, डाव्या कोपऱ्यात. हवेचे दोन्ही निपल आता वर, टोपीसारखे ताठ. पुन्हा लांबच्या चाकापासून सुरुवात. मागची दोन्ही उरकली. पुढच्या डाव्याला नळी लावली, “दाबा,” “दाबलं,” पाना हलला, आणि नळीतून एक बुडबुडा आला, चांगला बोराएवढा. पाठोपाठ त्याची पिल्लावळ, फसफसत, ढकलाढकली करत. सर स्टुलावरून उठून बाटलीशी उकिडवे बसले. कोट फरशीला लागला तरी त्यांना भान नव्हतं. पुढच्या उजव्यातून त्याहून मोठा आला. मग बारीक, मग एखादा, मग फक्त मधाची धार.

काकांनी पेडल दाबलं आणि खिडकीतून चेहरा बाहेर काढला. सांगायची गरज नव्हती, तरी ते म्हणाले, दगड आहे दगड.

चाकं चढवताना भाचीने मावशीला डिवचलं. आता साहेब विचारतील, काय बिघडलं होतं. तू रबराचंच नाव सांगशील, तीन महिने तेच सांगतेयस. मावशीने पान्यावरून नजर न उचलता विचारलं, पैज? भाची म्हणाली, पैज. मावशी हरली तर ‘फक्त ब्रेक’च्या खाली ‘आणि फक्त बढाया’ असं रंगवायचं. भाची हरली तर आठवडाभर कोणाचीही नक्कल बंद. भाचीला वाटलं, जिंकल्यातच जमा आहे. तपासणीच्या फाटकात दुपारी अर्ध्या गावाचे मेकॅनिक उभे असतात. त्यांच्यादेखत कोण कशाला कबुली देतंय?

मावशीने आधी स्वतः गाडी दोन चकरा फिरवून आणली, दर वळणावर करकचून थांबवत. मग चौघं निघाले. सर चालवत होते, मावशी शेजारी, तिचा उजवा पाय आपोआप तिच्या बाजूची फरशी दाबत होता. तीनला पाच कमी असताना गाडी रांगेत लागली. साहेब आले, बसले, पेडल दाबलं आणि घड्याळ बघत पाय तसाच ठेवला. एक मिनिट. पाय सुतभरही खाली गेला नाही. मग त्यांनी गाडी चढावर नेली, उतारावर आणली, आखलेल्या पट्ट्याआधी हातभर थांबवली. कागदावर शिक्का पडला. सरांनी तो कागद कोटाच्या आतल्या खिशात ठेवला आणि तो तिथेच आहे ना, हे दोनदा चाचपून पाहिलं.

मग साहेबांनी नाकातल्या नाकात विचारलंच. दोनदा नापास झालेली गाडी, एवढं काय होतं तिच्यात? रांगेतले सगळे मेकॅनिक जिवाचा कान करून उभे. टायरवालाही होता.

“काही नव्हतं साहेब,” मावशी म्हणाली, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात. “कॅलिपर मीच डाव्याचा उजवा बसवला होता. रबर बिचारं चांगलं होतं.” मग काकांकडे बोट दाखवून तिने जोड दिली, “आणि मला ते यांच्यामुळे कळलं.”

काकांनी टेप नीट केली आणि कोट कसा उसवायचा याचा विचार करत असल्यासारखे आभाळाकडे बघत राहिले.

घरी आल्यावर सगळ्यांनी भाचीला गराडा घातला. साहेब कसे बोलले, करून दाखव, सर पेल्यापर्यंत मान कशी न्यायचे, दाखव. भाचीने ओठ घट्ट मिटले. तिला सगळं येत होतं, साहेबांचं नाक, सरांचं ओशाळणं, काकांचं ‘सोडलं’, आणि मावशी समोर हाताची घडी घालून बसली होती, जीभ डाव्या कोपऱ्यात. लिहायला मात्र बंदी नव्हती. म्हणून हे लिहून काढलं. अजून पाच दिवस जायचेत.