निम्मं आटवलेलं पाणी

"आक्का, पोरीचं बारसं हाय, तुमी यायलाच पायजे," असा मावसभाऊ दत्ताचा फोन आला आणि मी रजा टाकून निघाले. बीडला फिरायला कोण जातं, असं नाक मुरडणाऱ्यांना सांगते, पावसाळा सरल्यावर जा. बालाघाटाचे डोंगर हिरवे असतात, सीताफळं रस्त्याकडेला ढिगानं मिळतात. पुण्याहून एसटीनं मांजरसुंबा गाठायचं. नगरपर्यंत रस्ता छान, पुढे आपल्या कंबरेचं आपण बघायचं. मांजरसुंब्याच्या धाब्यावर शेवभाजी-भाकरी खाल्ली, स्वस्त आणि झणझणीत.

दत्ता मोटारसायकलवर न्यायला आला. लिंबागणेशच्या बाजूला त्याची सीताफळाची बाग, बागेतच घर, दारात विहीर.

"निस्ता मुरमाड माळ हुता आक्का," तो म्हणाला. "दरसाल मेंढरं बसवली, वरून कोंबडीखत. आता बगा."

धनगराचा कळप रात्री रानात बसवायचा, बदल्यात त्याला धान्य द्यायचं, ही इकडची जुनी रीत. विहिरीच्या काठापर्यंत खत पसरलेलं होतं. पाणी मात्र नितळ आणि गोड. मी तांब्याभर प्यायले.

बारसं झालं. दत्ताच्या बायकोला, सुरेखाला, दूध उतरलं नव्हतं, म्हणून बाळ पावडरच्या दुधावर. त्यासाठी मावशी विहिरीचं पाणी चुलीवर निम्मं होईस्तोवर आटवायची. "कच्चं पानी न्हाई देत बाई आमी लेकराला." मला कौतुकच वाटलं. संध्याकाळी पोरीचे ओठ जांभळट दिसले. गारठा लागला, म्हणाली मावशी. सकाळी नखंही निळी. मग काय, जीप करून थेट बीडचा दवाखाना.

डॉक्टरीणबाईंनी सुई दिली, पोरीचा रंग हळूहळू परतला. मग त्यांनी पाण्याचं विचारलं.

"खतातलं नायट्रेट पावसाबरोबर विहिरीत उतरलंय," त्या म्हणाल्या. "जंतू उकळून मरतात, हे मरत नाही. उलट पाणी आटलं की घट्ट होतं. मोठ्यांना हे सोसतं, पण बाळाच्या रक्ताला प्राणवायू वाहून नेता येत नाही."

मावशी भिंतीला टेकली. "निम्मंच आटवत हुते म्या," एवढंच बोलली.

"मंग खत बंद केलं तर?" दत्तानं विचारलं.

"जे मुरलंय ते वर्षानुवर्षं उतरत राहणार."

परतताना मी जीपमधून बघत होते. शेजारच्या रानांतही तेच खत, विहिरींना तेच पाणी. मला संताप आला, पण काढायचा कुणावर? शेणखत, लेंडीखत घाला म्हणून आपणच तर कानीकपाळी ओरडत आलोय.

बाळासाठी मांजरसुंब्याहून जारचं पाणी आणायचं ठरलं आणि मी पुण्याला परतले. दत्तानं पिशवीभर सीताफळं दिली होती. ती पिकली, फुटली, माझ्याच्यानं एकही खाववलं नाही. नळाखाली पेला धरला की पोरीची नखं आठवतात.

काल फोन केला. मावशीनं उचलला.

"जारची गाडीच येईना बाई. पर तू घोर नगं करू. डाक्टरीनबाईचं आइकलंय म्या. निम्म्यावर मरत न्हाई म्हनली ना ती, आता पार तळाला जाईस्तोवर आटवते. पोरगी लई शानी झालीय बग. सकाळधरनं रडली न्हाई."