उपाशीपोटी एक गोळी

आमच्या घरात पित्ताची गोळी माझ्या नवऱ्याने आणली. त्याला ती ऑफिसातल्या कोणीतरी सांगितली होती, लागू पडली होती, आणि आपल्याला जे लागू पडतं ते सगळ्या जगाला लागू पडतं यावर त्याचा गाढ विश्वास. दुसऱ्या दिवसापासून ती मलाही सुरू झाली. मला पित्त नव्हतं असं नाही. शाळेत दिवसभर घसा फोडणाऱ्या बाईला असतं तेवढं होतं. शनिवार पेठेतला आमच्या कोपऱ्यावरचा औषधवाला डॉक्टरची चिठ्ठी वगैरे मागत नसे. रोज सकाळी, उपाशीपोटी एक. पुढे मी निवृत्त झाले, गोळी झाली नाही.

गोळीच्या मागोमाग पथ्य आलं. बाजरी उष्ण, शेंगदाणे पित्तकर, उसळीने वायू होतो, पालेभाजी पचायला जड, असं एकेक करत माझ्या ताटात मऊ भात आणि ताक उरलं. मधल्या वेळेला चहा-बिस्किटं. हे पथ्य ठरवणारा स्वतः रविवारी मित्रांबरोबर मिसळ खाऊन यायचा. पुरुषांच्या पित्ताला सुट्टी असते.

मग पोटऱ्यांत गोळे यायला लागले. पापणी आपोआप फडफडायची, हाताला कंप सुटायचा, छातीत धडधडायचं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी वय झालं म्हणून सांगितलं आणि कॅल्शियम दिलं. मी ते वर्षभर इमानेइतबारे घेतलं, काडीचा फरक पडला नाही. औषध घेऊनही बरं वाटत नाही म्हणजे दुखणंच खोटं, असा आमच्या घरचा हिशेब. "तुला काही झालेलं नाही. तुला रिकामा वेळ झालाय," नवरा म्हणाला. मुलगी तिथेच बसली होती. तिने समोरचं वर्तमानपत्र उचललं.

ती मुलगी आठव्या महिन्यात बाळंतपणाला माहेरी आली. पहिलं बाळंतपण आईकडे, आणि मी तर त्या दिवसाची वाट पाहत होते. धुऊन मऊ केलेल्या जुन्या सुती साड्यांची दुपटी मी शिवून ठेवली होती. एका दुपारी तिच्यासाठी डिंकाचे लाडू करायला घेतले. खारीक, खोबरं, बदाम, खसखस, मला मना असलेलं सगळं. लाडू वळता वळता माझी बोटं एकमेकांना चिकटून आखडली, मनगट आत वळलं आणि काही केल्या उघडेना. लाडवाचा भुगा झाला. मुलगी घाबरून माझा हात चोळायला लागली. नवरा दारात उभा राहून बघत होता.

"लाडू धरवत नाही," तो म्हणाला, "ही बाळ काय धरणार?"

मी मुलीच्या तोंडाकडे पाहिलं. तिथे माझ्याबद्दलची काळजी होती, पण तिचा दुसरा हात पोटावर गेला होता.

त्याच संध्याकाळी नवऱ्याने लोणी काळभोरला तिच्या सासरी फोन केला आणि बाळंतपण तिकडेच करा म्हणून सांगितलं. विहीणबाईंनी मुद्दाम मला फोनवर बोलावून घेतलं. "ताई, काळजी करू नका. आमच्याकडं सगळं हाय. लेक आमचीबी हाय ना." बाई मनापासून बोलत होत्या, म्हणून मला त्यांना नावंही ठेवता येईनात. दुपट्यांचं गाठोडं घेऊन मुलगी गेली. नात तिकडेच झाली.

ती दोनेक महिन्यांची असताना मी स्वयंपाकघरात फिट येऊन पडले. दवाखान्यातली डॉक्टर माझ्या मुलीच्या वयाची होती. तिने पहिल्यांदा विचारलं की रोज कोणत्या गोळ्या घेता आणि कधीपासून. मग रक्त तपासलं. मॅग्नेशियम तळाला गेलेलं. ती म्हणाली, ही पित्ताची गोळी वर्षानुवर्षं घेतली तर काहींच्या आतड्यांना मॅग्नेशियम नीट शोषता येत नाही. ते नसलं की कॅल्शियमही अंगात टिकत नाही. म्हणून कॅल्शियमच्या गोळ्या वाया गेल्या. "आणि खाता काय?" मी सांगितलं. डाळी, दाणे, पालेभाज्या, भाकरी, ज्यात मॅग्नेशियम असतं ते सगळं बंद असल्याचं ऐकून तिने पेन खाली ठेवलं.

गोळी बंद झाली, सलाइनमधून मॅग्नेशियम सुरू झालं आणि काही दिवसांत माझे हात माझे झाले. मी रडले. नर्सला वाटलं आनंदाने. मला संताप आला होता. मी खोटी नाही हे माझ्या घरच्यांना कळायला रक्ताचा रिपोर्ट लागला.

नवऱ्याने माफी मागितली नाही. "गोळी चांगल्या कंपनीची होती," एवढंच म्हणाला. हल्ली तो सोसायटीतल्या बायकांना भोपळ्याच्या बिया, तीळ आणि राजगिऱ्याचं महत्त्व समजावून सांगतो. आमच्या हिचं मॅग्नेशियम कमी होतं ते मला वागण्यावरूनच कळलं होतं, असंही सांगतो.

परवा मुलगी नातीला घेऊन राहायला आली. रिपोर्ट तिने वाचला होता, डॉक्टरशी स्वतः बोलली होती. सकाळी मी म्हटलं, आज मी न्हाऊ घालते गं तिला. "बरं," ती म्हणाली. मी पाणी काढलं, पाट मांडला, साडी वर खोचली आणि तेल कोमट करायला आत गेले. वाटी घेऊन परत आले तर न्हाणीघराचं दार बंद होतं. ढकलून पाहिलं. आतून कडी होती.

"आई, झालंच गं," पाण्याच्या आवाजातून ती म्हणाली. "तू चहा ठेव."

आवाजात जराही राग नव्हता. मी वाटी हातात धरून तिथेच उभी राहिले. वाटीतलं तेल हलतसुद्धा नव्हतं, पण ते बघायला कोणी बाहेर नव्हतं.