करवंदांनी पाडलेला खडा

हे मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही. आणि मी न सांगितलेलं असं जगात फारसं काही नाही – पोशेऱ्याच्या बाजूला आमच्या पाड्यावर कुणालाही विचारा. वाघाला तंबाखूची सवय लावली ती मी. जव्हारच्या महाराजांच्या घोड्याशी धावलो आणि नाकाच्या अंतराने हरलो, तेही घोड्याचं नाक लांब म्हणून. हसायचं तर हसा. मला हसू येत नाही. रडूही येत नाही. दात पडून गेल्यावर हिरडी राहते ना, तसं आत सगळं आहे. जीभ फिरवली की कळतं, इथं काहीतरी होतं.

आधी करवंदांचं सांगतो. चैत्र सरताना आमचे डोंगर काळ्या करवंदांनी भरतात. उन्हातून चालून आलात की ओंजळभर खा – तोंडाला चव येते, तहान मोडते, हिरड्यांतून रक्त येत असेल तर थांबतं. पण उपाशीपोटी खाल्लीत तर पोटात पीळ पडतो. टोपलीभर खाल्लीत तर जिभेची सालं निघतात, घसा धरतो. कच्च्याचा चीक ओठांना चिकटतो. हे आमच्याकडे चालायला लागलेल्या पोरालाही ठाऊक असतं. मग मला ठाऊक नव्हतं का?

होतं.

आमच्यात एक रीत होती. हंगामातली पहिली ओंजळ देवापुढे ठेवल्याशिवाय पाड्यावर कुणी करवंद तोंडात घालायचं नाही. ती ओंजळ ठेवायचा मान आमच्या घराचा. वडिलांमागे तो थोरल्या दादाकडे जायचा होता, पण दादा चारचौघांत बोलायला बुजे, म्हणून माझ्याकडे आला. देवापुढे मी काय बोलायचो! पाऊस, नाचणी, भात, गुरं – सगळ्यांची गाऱ्हाणी एका दमात. माणसं ऐकत राहत. आणि ज्याच्या पोटात दवाखान्याचं पाणी, म्हणजे डॉक्टरचं औषध, गेलं, त्याने वर्षभर त्या ओंजळीला हात लावायचा नाही, असंही आमच्यात मानत.

त्या वर्षी चैत्र लागताच मला लघवीला आग सुरू झाली. मग कमरेत कळ, मग हुडहुडी भरून ताप. चार दिवस सोसलं. पाचव्या दिवशी भावकीत जातो असं सांगून जव्हार गाठलं, दरबारच्या दवाखान्यात. डॉक्टरांनी बाटली भरून औषध दिलं. बाटलीला कागदाची पट्टी चिकटवलेली, तिला खाचा – एका वेळी एक खाच. चार दिवस तिथंच एका ओसरीवर पडून राहिलो. लघवीतून नाचणीच्या दाण्याएवढं काहीतरी पडलं आणि मी माणसात आलो. निघताना विचारलं, "करवंदं चालतील का?"

"ओंजळभर खा की," डॉक्टर म्हणाले. "तोंडाला चव येईल. पण त्यांनी हा ताप उतरत नाही हो. परत हुडहुडी भरली तर इथं यायचं, करवंदीच्या जाळीखाली बसून राहायचं नाही."

त्यांचे शब्द मला अजून जसेच्या तसे येतात. इतर कुणाचे येत नाहीत.

पाड्यावर परतलो तेव्हा करवंदं काळी पडत होती. ओंजळीचा दिवस चार दिवसांवर. लोकांनी विचारलं, बरा कसा झालास? खरं सांगायला काय लागत होतं? एका वर्षाचा मान गेला असता. दादा अडखळत का होईना, चार शब्द बोलला असता. एवढंच. पण मी म्हणालो – भावकीत जाताना वाटेत रानात पडलो होतो, तिथं नवी करवंदं पिकली होती, ती देवाला दाखवून खाल्ली आणि खडा पडला. सुपारीएवढा. चार दिवसांनी देवापुढे ओंजळही मीच ठेवली. पुढच्या आठवड्यात खडा आवळ्याएवढा झाला. वैशाखापर्यंत तो कातळावर आपटला की ठिणगी उडायला लागली होती.

वहिनी, दादाची बायको, तेवढी एक मला तोंडावर बोलायची. "भावजी, महिनाभर असंच चालू द्या. तुमच्या पोटातून डोंगर निघेल, आणि मला त्याला वळसा घालून पाण्याला जावं लागेल." माझ्या एकाही गोष्टीवर तिचा कधी विश्वास बसला नाही.

वैशाखात तिला आग सुरू झाली. मग कळ. मग हुडहुडी. मी बघत होतो – एकेक पायरी माझीच. दादा घाबरला. त्याने बांबूला घोंगडी बांधून झोळी केली, चार गडी जमवले, सकाळीच निघायचं ठरलं. वहिनीला झोळीत घातलं. पाडा अंगणात उभा. आणि दादा माझ्याकडे वळला.

"तुझ्या अंगावरून गेलंय हे. तूच सांग. जव्हारला नेऊ, का करवंदं देऊ?"

सगळे माझ्याकडे बघत होते.

मी गोष्ट सांगितली. पुन्हा, पहिल्यापासून. ठिणगीसकट. अस्वलं करवंदं खातात, कधी अस्वलाला मुतखडा झालेला ऐकलाय का, हे त्या दिवशी नवीन घातलं. लोक हसले. चांगली जमली होती गोष्ट – हे मला तेव्हाही जाणवलं.

वहिनी झोळीतून म्हणाली, "भावजी, तुम्ही कशावरही खोटं बोलाल, पण पहिल्या ओंजळीवर नाही बोलणार." मग दादाला म्हणाली, "उतरवा मला. उगाच कशाला खांदे मोडून घेता?"

झोळी सोडली. घोंगडी झटकून तिच्याच अंगावर घातली.

दादा दिवसभर काटे अंगावर घेत करवंदं तोडायचा. टोपल्या भरून आणायचा. ती उपाशीपोटी खायची, कारण दुसरं काही पोटात ठरत नव्हतं. तिची जीभ सोलवटली. पोट धरून ती कुशीवर वळायची. दादाने मला बोलावून विचारलं, असं व्हायचं का? मी म्हणालो, गुण येतोय. ती बाटली – तळाशी दोन खाचा औषध उरलेली – माझ्या घराच्या आढ्यात, गवताखाली होती. जव्हारची वाट एका दिवसाची. माझे पाय धडधाकट. मी घरी जाऊन जेवलो. नाचणीची भाकरी आणि करवंदाचं लोणचं.

सहाव्या दिवशी दुपारी ती गेली.

पुढची कितीतरी वर्षं ओंजळ मीच ठेवली. एकदाही शब्द अडखळला नाही. खड्याची गोष्ट लोक मागायचे, मीही सांगायचो. कुणी म्हणायचं, मग तुझ्या वहिनीला कसा गुण आला नाही? त्यासाठीही मी शेपूट जोडून ठेवलं होतं – उशीर झाला. करवंदं लवकर सुरू करायला हवी होती.

हे दादानेही ऐकलं. त्याने ते खरं धरलं. दर वैशाखात तो तिला जाळलं त्या जागी पानावर मूठभर करवंदं ठेवायचा आणि तिथंच बसून राहायचा. शेवटच्या वर्षी त्याला चालवत नव्हतं, मी हात धरून नेलं. पान ठेवून झालं, आणि तो म्हणाला, "दोन दिवस आधी तोडायला गेलो असतो तर वाचली असती ना रे?"

मी म्हणालो, "हो दादा. दोन दिवस आधी."