फुटका नंदी आणि पुढे गेलेली पालखी

काल दुपारी सांगलीत, जेवणं उरकल्यावर नातवाने मोबाईल नाकासमोर धरला. कोणत्या बादशहाने किती देवळं पाडली त्याचा व्हिडिओ होता. "आजी, हे खरं आहे का गं?"

खरं आहे म्हटलं. आमच्या गावच्या भैरोबापुढचा नंदी मी रोज पाहिलाय... त्याचं तोंडच फोडलेलं. मग मला त्या वर्षीचा दसरा आठवला आणि चहा करायचंही राहून गेलं.

आम्ही गुरव. देवाची पूजाअर्चा माझ्या वडिलांकडे, म्हणजे आबांकडे. दसऱ्याला पालखी शिवेकडे निघाली की वेशीजवळ दस्तगीर मुलाण्याच्या दारात थांबायची. चाची पालखीवाल्यांच्या पायांवर पाणी घालायची, चाचा नारळ द्यायचे, तिथेच खांदेपालट व्हायची आणि मग पालखी पुढे. त्याशिवाय दसरा झाला असं कुणी मानत नसे.

त्या वर्षी देश नुकताच स्वतंत्र झाला होता. पंजाबातल्या कत्तलींच्या बातम्या गावापर्यंत पोचत होत्या. दसऱ्याच्या तोंडावर तालुक्याहून एक शिकलेला गडी आला. पारावर उभा राहून त्याने नंदीकडे बोट दाखवलं. "ज्यांनी हे केलं त्यांच्या दारात तुमचा देव थांबतो?"

नंदी तर फुटलेलाच होता... कोण काय बोलणार?

घरी आल्यावर मात्र आबा आईजवळ बोलले. "नंदी फोडला बादशाच्या फौजेनं, ते खरं हाय. पर दिवाबत्तीला जमीन दिली तीबी इजापूरच्याच बादशानं. तीच खातोय न्हवं आपुन? आन् दस्तूच्या बापजाद्यांना काय मिळालं? ती बी हितंच राबली."

"आवं, मग हे पारावर सांगा की," आई म्हणाली.

आबा गप्प बसले. त्यांना गाव सोडून राहायचं नव्हतं, आम्हा पोरांची पोटंही त्याच जमिनीवर होती. तरी त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो.

दसऱ्याला पालखी निघाली. चाचा धुतलेला पटका बांधून नारळ घेऊन उभे, चाची कळशी घेऊन. वाजंत्री थांबली नाहीत. पालखी त्यांच्यासमोरून सरळ गेली... एकानेही मान वळवली नाही. पालखीमागे चालणारे आबासुद्धा खाली बघत गेले.

मी मागे वळून पाहिलं. चाचीने कळशीतलं पाणी रस्त्यावर ओतलं, दरवर्षी ओतायची त्याच जागी.

दिवाळीआधी ते बिऱ्हाड गेलं. कुणी म्हणे मिरजेला, कुणी म्हणे विजापूरला. "जातो गा" म्हणायलासुद्धा चाचा कुणाच्या दारात गेले नाहीत.

पुढच्या दसऱ्याला गंमत बघा... कसली गंमत म्हणा. पालखी बरोबर त्या दारात थांबली. खांदे भरून आले होते आणि पिढ्यान्‌पिढ्या खांदेपालटीची जागा तीच. दाराला कुलूप. आबांनी उपरण्यात बांधलेला नारळ काढला, उंबऱ्यावर ठेवला आणि सगळ्यांदेखत रडले.

आता तिथे घर नाही, बाभळी आहेत. पालखी अजून थांबते.

नंदी कुणी फोडला ते गावातलं शेंबडं पोरही सांगतं. दस्तगीरचाचाच्या दारावरून पालखी पुढे नेली ती मात्र आम्ही... आणि हे सांगायला आता माझ्याशिवाय कुणी उरलं नाही.